कणकुंबी ते गोकाक : पाण्याच्या मागून फिरलेला आठवडा

बेळगावची माणसं चोर्ला घाटातून गोव्याला किती वेळा जातात त्याला गणतीच नाही. कणकुंबीला गाडी थांबते ती चहा-भज्यासाठी, पंधरा मिनिटं पाय मोकळे केले की परत गाडीत, आणि मग डोळे लागतात ते साखळी-पणजीच्या पाट्यांकडे. यंदा पाऊस ओसरल्यावर आम्ही ठरवलं की गोव्याला जायचंच नाही, घाटाच्या तोंडाशी जायचं, तिथून उलटं पूर्वेला वळायचं आणि पाणी जसं जातं तसं तसं जिल्हा आडवा कापत गोकाकपर्यंत यायचं. गाडी दाजींची, चालवणार तेच, मागे मी आणि भाची. भाची धारवाडला जिऑलॉजी शिकते, त्यामुळे रस्त्याकडेचा प्रत्येक दगड हा आमच्यासाठी स्टॉप होता.

आधी एक आकडा सांगतो म्हणजे पुढचं सगळं कळेल. खानापूर तालुक्यात आमगाव म्हणून जंगलातलं छोटं गाव आहे, तिथं २०१० साली वर्षभरात १०,००० मिलिमीटरच्या वर पाऊस नोंदला गेला, म्हणजे कर्नाटकाचं चेरापुंजी म्हणतात त्या आगुंबेच्या तोडीचा किंवा त्याहून जास्तच. आणि त्याच जिल्ह्यात गोकाकला वर्षाला जेमतेम पाचसहाशे मिलिमीटर पडतो. मधलं अंतर शंभरेक किलोमीटर! एका जिल्ह्यात सदाहरित जंगल पण आहे आणि ज्वारीचं कोरडवाहू रान पण आहे, आणि हे बघायला पेट्रोल सोडून काही खर्च नाही.

शनिवार : जांबोटी, कणकुंबी, चोर्ला

सकाळी नाष्टा करून निघालो. पिरनवाडी मागे पडली की शेतं, मग काजूच्या बागा, जांबोटीच्या पुढे मात्र दोन्ही बाजूनी झाडी अंगावर येते आणि माती लालभडक होते. ही लाल माती आणि तो भोकाभोकांचा जांभा दगड आपण लहानपणापासून बघतो, घरं बांधतो त्याची, पण हा मूळचा काळा कातळच आहे हे भाचीनं सांगेपर्यंत दाजींना खरं वाटत नव्हतं. म्हणजे असं की साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीचा लाव्हा थरावर थर पसरला, बहुतेक सगळा महाराष्ट्र आणि आपला हा भाग त्याच्याखाली गेला, डेक्कन ट्रॅप म्हणतात तो हा. त्या काळ्या बसाल्टवर लाखो वर्षं धो धो पाऊस पडला, पाण्यानं सिलिका आणि बाकीचे क्षार धुऊन नेले, मागे राहिलं लोखंड आणि ॲल्युमिनियम. लोखंडाला गंज चढला म्हणून तांबडा रंग, आणि ॲल्युमिनियम जिथं जास्त साठलं तिथं बॉक्साइट. बेळगावात ॲल्युमिनाचा कारखाना उगाच नाही आला.

कणकुंबीला पोचलो तेव्हा भुरभुर चालू होती. माऊली देवीचं दर्शन घेतलं. इथं, साधारण ८०० मीटर उंचीवर, मलप्रभा उगम पावते. उगम बघायला गेलेल्या माणसाला वाटतं की काहीतरी मोठं धबाबा पाणी असेल, तसं काही नाही, कुंड आहे आणि ओहोळ आहे, बारकं पोर उडी मारून पार करेल एवढा. पण ते पाणी कुठे कुठे जातं बघा. खानापूर, एम के हुबळी, सौंदत्तीजवळ नविलुतीर्थाला डोंगर फोडून पलीकडे, मग थेट पट्टदकल आणि ऐहोळेच्या देवळांच्या पायाशी, आणि ३०० किलोमीटरच्या वर चालून कूडलसंगमाला कृष्णेत. तिथून आंध्रात हंसलदीवीला बंगालचा उपसागर. आणि कणकुंबीच्याच शिवारात दुसऱ्या अंगाला जो कळसा नाला आहे त्याचं पाणी म्हादईत जातं, म्हादई पुढे गोव्यात मांडवी होते आणि पणजीला अरबी समुद्रात. म्हणजे इथं एका घराच्या पन्हाळीचं पाणी पूर्वेला आणि शेजाऱ्याच्या पन्हाळीचं पश्चिमेला जाऊ शकतं.

हा पाणलोटाचा उंचवटा डोळ्यांना दिसत पण नाही, रस्ता जरा चढतो आणि जरा उतरतो एवढंच. आपल्याला वाटतं सह्याद्री म्हणजे दोन्हीकडून चढाव असलेला डोंगर, पण तो खरंतर पठाराची उचललेली कड आहे, पश्चिमेला सरळ तुटलेली आणि पूर्वेला हळूहळू उतरत गेलेली. म्हणून समुद्र इथून हाकेच्या अंतरावर असताना मलप्रभा त्याला पाठ दाखवून निघते. आणि भाची म्हणाली ते मला फार आवडलं, की हा उंचवटा कायमचा नाही. पश्चिमेच्या नद्या उतारावरून जोरात पडतात, त्या डोंगर जास्त वेगानं खातात, त्यामुळे कड हळूहळू पूर्वेला सरकते आणि लाखो वर्षांच्या हिशोबात पश्चिमेच्या नद्या पूर्वेच्या नद्यांची डोकी पळवतात. नद्यांची चोरी चालूच आहे म्हणायची.

कळशाचं पाणी मलप्रभेत वळवायच्या कालव्याचं काम तिथं दिसतं. म्हादईच्या पाणीवाटपाच्या लवादानं २०१८ साली निकाल दिला, कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट), त्यात मलप्रभेत वळवायचं पाणी पण आलं, आणि तरीही वाद मिटलेला नाही. हुबळी-धारवाडला प्यायला पाणी हवं हे मान्यच, तिकडे आमचे पण पाहुणे आहेत. पण त्या खोदाईशेजारी उभं राहिल्यावर मला वाटलं ते सांगतो : जंगल तासून पाणी वळवलं आणि मग ज्या जंगलामुळे पाणी मुरतंय तेच राहिलं नाही, तर वळवायला काय उरणार? या प्रश्नावर दोन्ही राज्यांतल्या भाषणांमध्ये कुणी बोलत नाही आणि त्याचा मला खरंच त्रास होतो.

दुपारी चोर्ला गावापर्यंत गेलो. तीन राज्यांचा तिठा हा, पण गाव आपल्या खानापूर तालुक्यात. इथं सापडलेल्या एका प्राण्याचं नाव २००७ साली जगाच्या यादीत चढलं, गेगेनिओफिस म्हादेइएन्सिस, म्हणजे नावात आपली म्हादईच आहे. हा देवगांडूळ. दिसायला मोठ्या गांडुळासारखा, अंगावर वळ्या वळ्या, पण गांडुळाशी याचं काही नातं नाही, तो बेडकाचा भाऊबंद आहे, पाठीचा कणा असलेला, तोंडात बारीक दात असलेला, गांडुळं आणि वाळवी खाणारा. पाय नाहीत. डोळे जवळजवळ निकामी, त्याऐवजी डोळा आणि नाकपुडीच्या मध्ये एक छोटी स्पर्शिका असते तिच्यानं वास-चव घेत मातीत फिरतो. या जातकुळीतली आई जमिनीत अंडी घालून त्याला वेटोळं घालून बसते, पिल्लं बाहेर पडेपर्यंत हलत नाही.

आणि आता यातली खरी थक्क करणारी गोष्ट. या देवगांडुळांचे सगळ्यात जवळचे नातेवाईक कुठे आहेत? सेशेल्स बेटांवर! आफ्रिकेच्या बाजूला, मध्ये सगळा अरबी समुद्र. खाऱ्या पाण्यात हे प्राणी टिकत नाहीत, पोहून तर गेलेच नसणार. एकेकाळी भारत आणि सेशेल्स हा एकच भूभाग होता, तो फुटला साधारण लाव्हा वाहत होता त्याच सुमाराला, आणि अर्धं कुटुंब तिकडे राहिलं, अर्धं इकडे. म्हणजे चोर्ल्याच्या पालापाचोळ्याखाली जे वळवळतंय त्यानं जमीन फुटताना अनुभवलीय. आम्ही ओल्या दगडांच्या आसपास बघितलं, दगड उलटेपालटे केले नाहीत कारण त्यांचं घर मोडतं, दिसला काही नाही. एका काजूवाल्या काकांना विचारलं तर म्हणाले, "असतात की ओ, खड्डा मारताना निघतात, सापाचं पिल्लू म्हणून मारतात पोरं." त्यांना भाचीनं सगळं समजावून सांगितलं. काका शांतपणे ऐकून म्हणाले, "मग सांगतो पोरांना. बिनविषारी म्हटल्यावर कशाला मारायचं?"

रात्री खानापुरात मावशीकडे. दारातच, "जेवलासा काय? एवढ्या पावसात काय बघून आलासा?" तांदळाच्या भाकऱ्या, सुकं मासं, आणि मग आठला झोप.

रविवार : हेमाडगा, भीमगडाची कड

खानापूरहून हेमाडग्याचा रस्ता अनमोडकडे जातो तो भीमगड अभयारण्यातून. साधारण १९० चौरस किलोमीटरचं हे अभयारण्य २०११ साली जाहीर झालं. म्हादईचा उगम या जंगलातल्या देगावजवळ. आत पायी जायला वनखात्याची परवानगी लागते, आम्ही चेकपोस्टवर नोंद करून रस्त्यानंच गेलो आणि जिथं थांबायला देतात तिथंच थांबलो.

या जंगलात बारापेडे नावाची गुहा आहे आणि माझ्या मते हे बेळगाव जिल्ह्याचं सगळ्यात मोठं आणि सगळ्यात कमी लोकांना माहीत असलेलं आश्चर्य आहे. १९११ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं सस्तन प्राण्यांची मोजदाद काढली होती, त्या काळात या गुहेत एक वटवाघूळ मिळालं आणि लंडनच्या ऑल्डफिल्ड थॉमस यांनी १९१३ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. ओटोमॉप्स रॉटोनी. रॉटन हे वनखात्यातले अधिकारी, सोसायटीच्या त्या कामामागचं मोठं नाव, त्यांच्यावरून ठेवलेलं. तर त्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षं अख्ख्या जगात हे वटवाघूळ फक्त आणि फक्त या एका गुहेत माहीत होतं. जगात कुठंच नाही! पार २००० च्या सुमाराला कंबोडियात एक मिळालं, मग मेघालयातल्या गुहांमध्ये सापडलं. आपल्याकडचं ठिकाण मात्र हेच.

दिसायला कसं असतं तर गडद तपकिरी, मानेमागे फिकट राखी पट्टा, अंगाच्या कडेनं बारीक पांढरी रेघ, आणि कान एवढे मोठे की कपाळावर येऊन एकमेकांना जुळतात आणि चेहऱ्यावर टोपीसारखे पुढे झुकतात. पंख लांब आणि अरुंद, म्हणजे झाडांच्या फांद्यांतून गिरक्या घेणारं हे नव्हे, उघड्या आभाळात उंच आणि वेगानं उडत किडे पकडणारं. वटवाघळं आवाज सोडून प्रतिध्वनीवरून अंदाज घेतात हे शाळेत शिकलोय, तो आवाज बहुतेक जातींचा माणसाला ऐकूच येत नाही, पण याचा आवाज त्या मानानं खालच्या पट्टीतला, तरुण कानांना ऐकू येऊ शकेल असा. भाचीला ऐकू आला असता, मला आणि दाजींना बहुतेक नाही.

गुहेत जायला बंदी आहे. ती बरोबरच आहे असं मला ठामपणे वाटतं. वटवाघळीण वर्षाला बहुधा एकच पिल्लू देते, गुहेच्या छतातल्या खाचांमध्ये ती सगळी दाटीवाटीनं बसलेली असतात, खालून टॉर्च आणि आरडाओरडा झाला की घाबरून उडतात आणि अंगाला चिकटलेलं पिल्लू खाली पडलं तर संपलं. वन्यजीव कायद्यात याला पहिल्या अनुसूचीत ठेवलंय, वाघाच्या बरोबरीनं. वाघाला लोक ओळखतात, याला ओळखणारं माणूस बेळगावच्या बाजारात शोधून सापडायचं नाही. चेकपोस्टजवळ टपरीवर एक वयस्क गृहस्थ भेटले, जंगलातल्याच एका वाडीवरचे, त्यांना विचारलं तर हसून म्हणाले, "वाघळं व्हय, लहानपणी बघितल्याव. खरं आता कोण सोडत नाही तिकडं, अन् बरंच हाय ते. साहेबलोक लंडनहून येतील म्हणून आमच्या आज्याला बी वाटलं नसंल."

भीमगड किल्ला या जंगलात आत आहे, शिवकाळातला, लांबून डोंगराचा आकार दिसला तेवढाच. ढग उतरले होते. दाजी म्हणाले "पाऊस येऊलालाय", आणि पाचव्या मिनिटाला आला पण.

सोमवार : नंदगड, हलशी

नंदगडला थोडंच थांबलो. कित्तूरच्या राणी चन्नम्मांचा शूर साथी संगोळ्ळी रायण्णा, त्याला इंग्रजांनी २६ जानेवारी १८३१ ला इथं फाशी दिली. समाधीवर मोठा वड आहे, लोक नवस बोलतात, पाळणे बांधतात. तारीख वाचून भाची दचकली, पुढे सव्वाशे वर्षांच्या आतच हीच तारीख प्रजासत्ताक दिन झाली.

हलशीला मात्र अख्खी दुपार गेली. आज भातशेतीच्या मध्ये कौलारू घरांचं शांत गाव, पण पाचव्या-सहाव्या शतकात हे पलाशिका, बनवासीच्या कदंब राजांची दुसरी राजधानी! इथं सापडलेले ताम्रपट वाचले गेले म्हणून कदंबांचा इतिहास इतका नीट लावता आला. त्यातल्या एकात मृगेशवर्मा राजा सांगतो की त्यानं वडलांच्या स्मरणार्थ पलाशिकेत जिनालय बांधलं. राजा वैदिक परंपरेतला, देऊळ जैनांसाठी, आणि कारण वडलांची आठवण. पंधराशे वर्षांपूर्वीच्या माणसाबद्दल एवढं घरगुती काहीतरी कळणं हे मला लढायांच्या यादीपेक्षा कितीतरी जास्त मोलाचं वाटतं.

भूवराह नरसिंहाचं देऊळ नंतरचं, गोव्याच्या कदंबांचं, बाराव्या शतकातलं. दोन गाभारे समोरासमोर, मध्ये मंडप. एकीकडे नारायण आणि नरसिंह, समोर भूवराह, पृथ्वीला सुळ्यावर उचलून धरलेला, पुरुषभर उंचीचा. वराहाची मूर्ती ११८६-८७ मध्ये तिसऱ्या विजयादित्यानं बसवली असं शिलालेखात आहे, म्हणजे आधी एक बाजू झाली आणि मग समोर दुसरी. पुजारीकाकांनी निरांजन धरलं तेव्हा एका देवाकडे तोंड केलं की दुसऱ्याकडे पाठ होते, म्हणून मंडपात लोक तिरके उभे राहतात, गावातल्या म्हाताऱ्या बायका अगदी सवयीनं तशाच उभ्या होत्या.

देवळाच्या भिंतीला भाची हात लावून बघत बसली होती. मी विचारलं काय बघतेस. म्हणाली, "मामा, एवढ्या पावसात आठशे वर्षं उभं आहे, पाणी कुठून काढलंय ते बघूया." मग आम्ही प्रदक्षिणा मारून शिखराचे थर, जोत्याचे उतार सगळं बघितलं. पिरॅमिडसारखं पायऱ्यापायऱ्यांचं शिखर, प्रत्येक पायरीची कड पुढे आलेली, पाणी भिंतीला न लागता थेंबाथेंबानं बाहेर पडतं. मावशीच्या घराच्या कौलांना पण तीच युक्ती आहे.

मंगळवार : देगावे, कित्तूर

खानापूर मागे टाकून बिडीच्या रस्त्यानं पूर्वेला आलो की झाडी विरळ होत जाते, माती काळी व्हायला लागते, भाताच्या जागी सोयाबीन आणि ऊस. घरांची कौलं जाऊन माळवद दिसायला लागतात. बोलणं पण बदलतं, चहावाल्याशी दाजींनी कन्नडमध्ये सुरुवात केली, त्यानं मराठीत उत्तर दिलं आणि पुढचं सगळं दोघांनी मिसळून केलं.

कित्तूरच्या अलीकडे देगावे, हे कालच्या जंगलातल्या देगावहून वेगळं. इथलं कमलनारायणाचं देऊळ कदंब राणी कमलादेवीनं बाराव्या शतकात बांधवलं, राजा पेर्माडी शिवचित्ताची ही राणी, आणि शिल्पकाराचं नाव पण शिल्लक आहे, तिप्पोज. तीन गाभारे एका ओळीत, पुढे लांब मंडप, खांब असे गुळगुळीत की लेथवर काढल्यासारखे. आम्ही गेलो तेव्हा अख्ख्या देवळात आम्ही आणि दोन शेरडं. असलं काम युरोपात असतं तर तिकिटाला रांग लागली असती. हमरस्त्यापासून काही किलोमीटर आत आहे, रोज हजारो गाड्या पुणे-बेंगळुरू करतात आणि एकही वळत नाही, ह्याचं मला वाईट वाटतं.

कित्तूर सगळ्यांना माहीत आहे, निदान नाव तरी. २३ ऑक्टोबर १८२४, कंपनीची फौज चालून आली, धारवाडचा कलेक्टर थॅकरे लढाईत मारला गेला. डिसेंबरात जास्त फौज आणून किल्ला घेतला आणि राणी चन्नम्मांना बैलहोंगलला कैदेत ठेवलं, तिथंच १८२९ मध्ये त्या गेल्या. १८५७ च्या तेहतीस वर्षं आधीची ही गोष्ट, आणि शाळेत आम्हाला ती दोन ओळीत होती.

पण वाड्याच्या पडक्या भिंतींत एक वेगळीच चीज आहे जी पुष्कळ लोक बघतच नाहीत. भिंतीत बसवलेली एक नळी, ध्रुवतारा बघायची! भिंत राहिली, नळी राहिली, राजवाडा गेला. तिच्यामागचं विज्ञान साधं आणि सुंदर आहे. पृथ्वी फिरते म्हणून रात्रभर सगळे तारे सरकतात, ध्रुवतारा तेवढा जागेवर दिसतो कारण तो पृथ्वीच्या अक्षाच्या रेषेत येतो, त्यामुळे फक्त त्याच्याच नावानं भिंतीत नळी चिणून ठेवता येते, दुसऱ्या कुठल्या ताऱ्यावर रोखली तर तो काही मिनिटांत निघून जाईल. आणि नळीचा तिरपेपणा किती ठेवायचा ते गावावर ठरतं, जेवढे तुमचे अक्षांश तेवढ्याच अंशांवर ध्रुवतारा. कित्तूर साडेपंधरा अंशांच्या आसपास, म्हणून तो क्षितिजापासून तेवढाच वर. श्रीनगरात हीच नळी बसवायची तर चौतीस अंशांवर उचलावी लागेल.

भाचीनं अजून एक सांगितलं. ध्रुवतारा अगदी तंतोतंत ध्रुवावर नसतो. पृथ्वीचा अक्ष स्वतःच हळूहळू गोल फिरतो, एक फेरा जवळजवळ २६,००० वर्षांचा, त्यामुळे १८०० च्या सुमाराला तो तारा ध्रुवबिंदूपासून पावणेदोन अंश लांब होता आणि आज पाऊण अंशाच्याही आत आलाय. म्हणजे चन्नम्मांच्या काळात तो नळीच्या तोंडात आजच्यापेक्षा मोठं वर्तुळ काढत असणार. या शतकाच्या शेवटी तो ध्रुवाच्या सगळ्यात जवळ येईल आणि मग परत लांब जायला लागेल.

रात्री मुक्कामाच्या ठिकाणी गच्चीवर गेलो, पाऊस पार थांबला होता. ऑक्टोबरात संध्याकाळी सप्तर्षी मावळलेले असतात म्हणून शर्मिष्ठा तारकासमूहावरून उत्तर शोधली. हात ताठ करून मूठ धरली की मूठ साधारण दहा अंश झाकते. क्षितिजावर एक मूठ, तिच्यावर अर्धी मूठ, आणि तिथं ध्रुवतारा, फार तेजस्वी नाही, पण जागच्या जागी. दाजींनी तीनदा मोजलं आणि मग घरी फोन लावून ताईला पण गच्चीवर पाठवलं, बेळगावातून पण तेवढाच, जेमतेम पाव अंशाचा फरक.

बुधवार : हिडकल, गोकाक

हिडकल धरण भरलं होतं. उन्हाळ्यात पाणी फार उतरलं की धरणात बुडालेलं हुन्नूरचं विठ्ठल मंदिर वर येतं आणि लोक दर्शनाला चालत जातात, पण आत्ता सगळीकडे निळं पाणीच. थोडा वेळ काठावर बसलो आणि निघालो.

गोकाकचा धबधबा घटप्रभेचा. साधारण ५२ मीटर उंच, घोड्याच्या नालासारखा वाकलेला कडा, पाणी गढूळ चॉकलेटी, आणि आवाज असा की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. लोक याला छोटा नायगारा म्हणतात, मला ते आवडत नाही, गोकाकला गोकाक म्हणावं. हे पाणी येतं चंदगड आणि आंबोलीकडून. आंबोलीची हिरण्यकेशी गोकाकच्या वर घटप्रभेला मिळते, त्याच हिरण्यकेशीच्या उगमाच्या कुंडात २०२० मध्ये विज्ञानाला नवा असलेला सोनेरी झाक असलेला छोटा मासा मिळाला आणि त्याला नदीचंच नाव दिलं. तिकडून सह्याद्रीचं पाणी इकडे दुष्काळी भागात येऊन एवढ्या जोरात उडी मारतं.

झुलत्या पुलाच्या आसपासचं सगळं जुन्या सूतगिरणीचं गाव. १८८५ साली इथं पाण्याच्या जोरावर गिरणी चालवायला कंपनी उभी राहिली आणि १८८७ मध्ये गिरणी सुरू झाली. धबधब्याच्या वरून पाणी पाइपात घ्यायचं, खाली सोडायचं, तिथं चाकं फिरवायची आणि ती ताकद वर कड्यावरच्या गिरणीला द्यायची. कोळसा कुठून एवढ्या आत आणणार? नदीच होती हाताशी. कड्याच्या कडेला उभं राहून ते पाइप खाली जाताना बघितले की त्या काळातल्या माणसांनी लटकून हे काम कसं केलं असेल त्याचाच विचार येतो.

पण आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवला तो दगडावर. पाच दिवस बसाल्ट आणि जांभा बघत आलो, इथं दगडच वेगळा. गुलाबीसर, कणीदार, पत्त्यांसारखे आडवे थर. हा वालुकाश्म आणि क्वार्टझाइट, कलादगीच्या खडकांच्या कुळातला, प्रोटेरोझोइक, म्हणजे पन्नास कोटी वर्षांहूनही जुन्या काळातला. तेव्हा जमिनीवर एक झाड नव्हतं, समुद्रात मासा नव्हता, आणि इथं उथळ समुद्र होता, त्याच्या तळाची आणि किनाऱ्याची वाळू घट्ट होऊन हा दगड झाला. सह्याद्रीचा लाव्हा त्याच्या मानानं परवाचा. गोकाक-हुक्केरीच्या पट्ट्यात तो लाव्हा थेट या जुन्या खडकांवर येऊन बसलाय, आणि दोन्हींच्या मधली कोट्यवधी वर्षं, त्यांचं एकही पान इथं शिल्लक नाही, सगळी धुऊन गेली.

नदीपासून लांब, सुरक्षित अंतरावर कोरड्या कातळावर भाची गुडघ्यावर बसली आणि आम्हाला हाक मारली. दगडावर बारीक बारीक लाटा उमटल्या होत्या, एकामागे एक, सगळ्या एका दिशेला झुकलेल्या. मालवणच्या ओहोटीला वाळूवर दिसतात त्याच, फक्त दगडात. हात फिरवला तर बोटांना लागतात. लाटेचा चढाचा भाग लांबट आणि उताराचा आखूड असतो, त्यावरून पाणी कुठून कुठे वाहत होतं ते कळतं, तिनं पेनानं दिशा दाखवली. दाजी बराच वेळ काही बोलले नाहीत, मग त्यांनी चप्पल काढून ठेवली आणि अनवाणी त्याच्यावर उभे राहिले. तिथं आलेल्या एका कॉलेजच्या ग्रुपनं विचारलं काय बघताय, भाचीनं मोडक्यातोडक्या कन्नडात सांगितलं, आणि पाच मिनिटात पंधरा-वीस पोरं दगडावर ओणवी होऊन लाटा शोधायला लागली, एकाला तर आमच्यापेक्षा चांगला तुकडा दिसला.

जाणाऱ्यांसाठी थोडं : गोकाकला कड्याला कठडे सगळीकडे नाहीत, ओल्या दगडावर अजिबात पुढे जाऊ नका, दरवर्षी पाय घसरतात. लाटा बघायच्या तर सकाळी किंवा चारनंतर, ऊन तिरकं पडलं की उठून दिसतात. हेमाडग्याचा रस्ता रात्री बंद असतो, परवानगीची चौकशी खानापुरातच करा. चोर्ल्याला जून-जुलैत जाणार असाल तर रस्त्यावर बघून चाला, देवगांडूळ पावसात वर येतात. गोकाक गावातून करदंट, म्हणजे इथली डिंक-सुक्यामेव्याची मिठाई, घेतला, अर्धा गाडीतच संपला. मे महिन्यात हिडकलचं पाणी उतरलं की विठ्ठलाच्या दर्शनाला परत येणार आहोत, तेव्हा धरणाच्या तळाशी आधीचं गाव कसं वसलं होतं ते पण बघायचंय, आणि ताई म्हणते यावेळी तिला गाडीत पुढची सीट हवी.